राहती घरं

आमच्या तांड्यातल्या पन्नास घरांपैकी छत्तीस घरांना कुलूप आहे. माणसं कामासाठी पुण्याला गेली आणि जाताना किल्ल्या माझ्या बायकोकडे, बिजलीकडे, ठेवून गेली. ती आळीपाळीने त्या सगळ्या अंगणांत झाडून सडा टाकायची. होळीला ती वारली. तेव्हापासून ते काम मी करतो.

परवा दारव्ह्याहून एक साहेब मोजणीला आले. निम्मी घरं तरी राहती निघाली नाहीत, तर तांड्याला नळ मिळणार नव्हता. साहेब मोटरसायकलवरून उतरलेच नाहीत. झाडलेलं अंगण दिसलं की 'राहतं' लिहायचे आणि पुढे जायचे.

"कुलपं लय दिसून राह्यली, काका."

"वावरात गेले सारे," मी म्हटलं.

"मोठे कष्टाळू लोकं आहेत तुमचे. एकोणपन्नास घरं राहती. ते टोकाचं तेवढं पडीक लिहितो, अंगणात पार गवत माजलं. तिथं राहते काय कोणी?"

ते माझं घर.



"राहत होती, साहेब," मी म्हटलं. "होळीपर्यंत."