मंडईची मोकळीक

अड्याळच्या हेमराजनं हर्षाला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, वयात आल्यापासून कुठंच पाठवलं नाही. मैत्रिणी बोलवायला आल्या की तोच दारात जायचा आणि "हर्षा अभ्यास करून राहिली" म्हणून त्यांना परत पाठवायचा. ती आधी रडायची, मग भांडायला लागली, आणि बारावीत गेल्यावर तिनं विचारणंच सोडलं. घरात पोरीचा आवाजच ऐकू येईना.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, तसा तो स्वतःहून म्हणाला, "जाय वं माय, मैत्रिणीसंग फिरून ये. यंदा मी काही म्हनत नाही."

हर्षानं नवा ड्रेस घातला. मग मंडईला निघाली.

दुपारी तोही मंडईत गेला. आकाशपाळण्याजवळ तिच्या वर्गातल्या मुली खिदळत उभ्या होत्या, पण त्यांच्यात हर्षा नव्हती. त्यानं विचारलं, तशी त्यांच्यातली प्रणाली म्हणाली, "आमी तिले बलावतच नाही काका आता. तुमी कधी पाठवलंच नाही नं, मंग आमीबी सोडून देल्लं."

बांगड्यांच्या दुकानामागं हर्षा एकटीच उभी होती, त्या मुलींना दिसू नये अशी. हेमराजनं तिला लांबूनच पाहिलं. तिला हाक न मारताच तो घरी परतला.

दिवस बुडताना ती हसत हसत दारात आली.

 

"लयच मजा आली बाबा, साऱ्याजणी होत्या."