डायरेक्ट

घरीच बनवलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनच्या मोटरी जोडून झाल्या होत्या. झाकणापाशी छोटा स्विच बसवून मी शेवटचा स्क्रू आवळला.

“हा कशाला?” दाजींनी विचारलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मिस्टर.

“झाकण उघडलं की मोटर बंद. हात सापडायला नको.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. कारखान्यातल्या पत्रा कापणाऱ्या प्रेसलाही असाच स्विच होता. त्याच्यामुळे माल कमी निघतो म्हणून सुपरवायझर म्हणाला, “डायरेक्ट कर.” मी तिथला इलेक्ट्रिशियन. दोन वायरी एकमेकींना पिळल्या, स्विच डायरेक्ट झाला; आता झाकण उघडं असलं तरी मशिन चालायचं. तिसऱ्या दिवशी त्या प्रेसवर काम करताना दाजींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीच्या आधी मीच वायरी पुन्हा जागेवर लावल्या आणि लिहून दिलं, ‘स्विच चालू होता, चूक कामगाराची.’

मी मशिन सुरू केलं. मोटर फिरू लागली. दाजींनी उजवा हात पुढे केला आणि उरलेल्या अंगठ्याने झाकण उचललं. मोटर जागच्या जागी थांबली.

“मस्त चालतोय की स्विच, पाव्हणं,” दाजी म्हणाले. “तुम्ही लिहून दिलं होतं, अगदी तसा.”