पहिली सही

माझी बहीण डेल्फीन कॅनडातल्या आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीत अठरा वर्षं पोलीस होती. आजाऱ्यांना पोलीसगाडीतून दोनशे मैलांवरच्या दवाखान्यात नेता नेता तिनं ठरवलं, दवाखाना इथंच हवा. नोकरी सोडून ती आमच्या मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेला उभी राहिली. अर्जावर शंभर मतदारांच्या सह्या हव्या होत्या. सह्यांसाठी बोलावल्यावर वस्तीचं सभागृह भरलं, पण पोलिसाच्या कागदावर सही करायला कुणी उठेना. शेवटी इलायजाकाका उठले. जंगलतोडीचे ट्रक अडवल्याबद्दल तिनं त्यांना तीनदा अटक केली होती. “काका, तुम्ही?” “अगं, आज हातात बेड्या नाहीत, सही सुरेख येईल!” ते लोकांकडे वळले. “माझ्या जबानीतला एक शब्दही हिनं गाळला नाही. विधानसभेत आपलं म्हणणं असंच पोचवेल. उठा!” खुर्च्या सरकल्या. रांग दाराबाहेर बर्फात गेली. पेन देताना आई प्रत्येकाला बजावत होती, “नीट लिहा, माझ्या लेकीचा कागद आहे!”