नव्या एकेचाळीस नोंदी

एकूण नोंदी आठशे शेहेचाळीस. टॅग नसलेली एकही नाही.

अवंतीने बाबांच्या फोनवरच्या ॲपमध्ये पुन्हा मोजल्या. फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा आठशे पाच होत्या. म्हणजे त्यानंतरच्या एकेचाळीस. 'आणतो' सोळा. 'शनिवारी' पंचवीस. 'झालं' शून्य.

शेवटची नोंद परवाची होती. आईने फोनमध्ये बोललेलं अक्षरांत उतरलं होतं : 'अहो, न्हाणीतला नळ गळतोय.' त्याखाली टॅग : शनिवारी. टॅग लावणाऱ्याचं नाव : रत्नाकर.

बाबा धारला नोकरीला, आई देवासला. आठवडाभर ती इथून नोंदी करायची, ते तिकडून टॅग लावायचे. धारच्या बाजारात मिळणारी वस्तू असेल तर 'आणतो'. घरी येऊन करायचं काम असेल तर 'शनिवारी'. उरकलं की ते काढून 'झालं'. ते गेल्यावर जुन्या नोंदी लावून ठेवाव्यात म्हणून अवंतीने त्यांच्याच खात्याला एआय एजंट जोडला होता. त्याच्या हातात एकच साधन दिलं होतं : नोंद वाचायची, टॅग लावायचा. सूचनाही एकच होती : आधीचे पाहून तसेच लाव. काम दोन दिवसांत संपलं. एजंट बंद करायचं राहून गेलं.

आज हे सगळं उघडून पाहायला धीरज कारण झाला. नळाची कामं करणारा धीरज पिशवी घेऊन फाटकातच उभा होता.

"दीदी, आंटी ने लौटा दिया. बोलीं, कल शनिवार है, हो जाएगा."

आई ओट्याशी भुट्टे सोलत होती.

"धीरजभियाला परत का पाठवलंस?"

"उद्या शनिवार ना."

"आई, ते बाबा नाहीत. तो एजंट आहे, मी लावलेला. जुने टॅग बघून नवे लावतो."

"माहीत आहे गं. रोज सकाळी सहाला टॅग येतो. हे जन्मात कधी सहाला उठले होते?"

अवंतीला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं. "मग त्याच्याशी कशाला बोलतेस?"

"त्याच्याशी कुठे बोलते?" आईने भुट्ट्याचे केस ओढून काढले. "पाच महिने शनिवारी शनिवारी म्हणतोय. एकदा तरी 'झालं' म्हणाला का? विचार तुझ्या एजंटला."

तो म्हणणार नव्हता. झालेलं असं काहीच त्याला कुठे सापडत नव्हतं. न्हाणीत बादली लावलेली होती. अवंतीने घड्याळ लावून पाहिलं. मिनिटाला बावीस थेंब.

संध्याकाळी तिने एजंटची परवानगी काढून घेतली. आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं."

शनिवारी अवंती लॅबमधून परतली तेव्हा चार वाजून गेले होते. धारहून निघालेले बाबा याच सुमाराला घरी पोचायचे. दार उघडंच होतं. न्हाणीसमोर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर बाबांचा पाना. त्यांची हत्यारांची पेटी पाच महिन्यांत कुणी उघडली नव्हती.

आई मोरीशी उभी राहून बोटांचं काळं घासत होती. अंगठ्यावर सोललं होतं.

"वॉशर गेला होता," ती म्हणाली. मान वर न करता, एवढंच. बाबा सांगायचे तसंच.

"आई, तुला येतं हे?"

"सत्तावीस वर्षं बॅटरी धरून उभी होते शेजारी." तिने हात पदराला पुसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या खुर्चीवर ती कधी बसत नसे. "चहा टाक."

अवंती जागीच थांबली. या घरात चहा आईच करायची. 'चहा टाक' असं म्हणणारं माणूस एकच होतं.

तिने आधण ठेवलं. ते उकळेपर्यंत न्हाणीत जाऊन घड्याळ लावलं. एक मिनिट. शून्य थेंब. मग आणखी एक मिनिट.

बाबांचा फोन टीव्हीशेजारी नेहमीसारखा चार्जिंगला होता. काचेवर काळ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. ठसा न पुसता तिने ॲप उघडलं.

नव्या नोंदी एकेचाळीस. 'आणतो' सोळा. 'शनिवारी' चोवीस. 'झालं' एक.