डोणीत पडलेला रेडिओ

काकासाहेबांनी रेडिओ तिरपा केला, तसं आतून पेलाभर हिरवट पाणी टेबलावर सांडलं. पाण्यामागोमाग मेंढीची एक लेंडीही बाहेर आली.

"कुठं पोहायला नेला होता याला?" काकासाहेबांनी विचारलं. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला आधी लाजवायचं, मग दुरुस्ती करायची, असा त्यांचा शिरस्ता होता.

रेडिओ सोनाजीचा होता, पण बोलले ते त्याच्यासोबत गावाहून आलेले सर्जेराव. "मेंढ्यांच्या पाणी प्यायच्या डोणीत घावला सकाळी. ते जाऊ द्या. आजच्या आज बोलता करा. संध्याकाळच्या बातम्या चुकता कामा नयेत."

रेडिओ डोणीत कसा पडला, यावर गावात तीन मतं होती. एडक्यानं ढुशी दिली, हे पहिलं. सोनाजीच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, वैतागून टाकला, हे दुसरं. तिसरं मत असं, की हल्लीच्या बातम्या सांगून सांगून रेडिओनंच जीव दिला. सोनाजीनं आपलं मत कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचोडच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात तेवढा एकच रेडिओ उरला होता. दुसरा सर्जेरावांचा होता, पण तो लेकीच्या लग्नात जावयाकडं गेला. सोनाजीचा थोरला, मुंजाबा, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला आणि पहिल्या पगारातून त्यानं बापासाठी हा आणला. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराला यंत्रावर काम मिळालं, याची गावाला झालेली खात्री म्हणजे हा रेडिओ.

तो आला त्या दिवशी खालच्या वस्तीतला कडूबा लिंबावर चढला होता. एरियलची तार त्यानंच बांधली. कडूबाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, पण शेतीचा कार्यक्रम तो एकही चुकवत नसे. कपाशीवर कोणतं औषध किती मारायचं, हे सर्जेरावसुद्धा त्यालाच विचारत. सोनाजीच्या ओट्यावर माणसं दाटीवाटीनं बसत, वच्छलाबाई चहा करून दमत, आणि भजन लागलं की ज्याला सूर लागत नाही तोच मोठ्यानं गाई.

आता अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता आणि भजनाला कुणी थांबत नव्हतं. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदलणार की नाही, एवढंच माणसं ऐकत. विद्यापीठाची पायरी गावातल्या एकानंही पाहिली नव्हती, म्हणून मतं फार ठाम होती. पंधरा दिवसांपूर्वी सर्जेरावांनी सांगितलं, "कडूबाला ओट्यावर बसवायचं नाय." तेव्हापासून कडूबा आला नव्हता. तार मात्र अजून त्यानं बांधलेल्या गाठीवरच होती.

"आठ दिवस तरी लागत असतील, न्हाई का?" सोनाजीनं काकासाहेबांना विचारलं.

"आठ दिवस कशाला? जायकवाडीत बुडालेले रेडिओ बोलते केलेत मी!"

"न्हाई, आमच्याकडं म्हणत्यात, आतलं पाणी लवकर सुकत नाय. घाई केली तर जळतंय."

"तुमच्याकडं काय, सगळे विंजिनेर दिसतात."

सर्जेराव खदखदून हसले. "अहो, जीव अडकलाय त्याचा रेडिओत. सकाळपासून तोंडात घास नाय."

हे मात्र खरं होतं.

काकासाहेबांनी मागचं झाकण काढलं. "सेल आत नव्हते, हे नशीब. असते तर सगळं गंजून गेलं असतं."

"सेल हायत माझ्याजवळ," सोनाजी म्हणाला आणि त्यानं खिसा चाचपला.

काकासाहेबांनी एकेक भाग ब्रशनं, स्पिरिटनं पुसला. मोठा दिवा लावून रेडिओ त्याच्या उबेला ठेवला. स्पीकरचा कागद फुगला होता, तोही हलक्या हातानं दाबून बसवला. तासभर गेला. सर्जेराव बाकड्यावर मांडी घालून बसले होते.

"नाव बदलल्याची बातमी आली, की ओट्यावरनं उठायचं ते थेट खालच्या वस्तीकडं," ते सोनाजीला म्हणाले. आवाज असा, की उद्याच्या पेरणीचं बोलताहेत. "पोरं तयार हायत. एकाला एक बघूनच माणूस पेटतंय. घरोघर बोलवायला गेलं तर निम्मे शेरडं बांधायचीत म्हणत्याल. तुझ्या रेडिओनं लई काम सोपं केलंय, सोनाजी."

"व्हय," सोनाजी म्हणाला.

"आण बघू सेल," काकासाहेब म्हणाले.

सोनाजीनं सेल दिले. काकासाहेबांनी बटण फिरवलं. आधी खरखर झाली, मग कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज आला आणि एकदम भजनाचा सूर दुकानभर पसरला. सोनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मुंडाशाच्या शेवानं ते पुसलं.

"बघा, रडतंय लेकरू!" सर्जेरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मी ष्टँडावर जाऊन रुमाल टाकतो, जागा धरतो. तू ये हे घेऊन. उशीर करू नगं."

ते बोळातून दिसेनासे झाले. भजन चालूच होतं. झाकणाचा एक स्क्रू टेबलाखाली घरंगळला, म्हणून काकासाहेब तो शोधायला वाकले.

वर भजन एका ओळीत अडखळलं आणि बंद पडलं.

काकासाहेब उठून पाहतात, तर सोनाजीनं पिण्याच्या पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यातलं उरलंसुरलं पाणी तो सावकाश, पिंडीवर घालावं तसं, उघड्या रेडिओत ओतत होता.

"सर्जेरावांना सांगा, दिवाळीपर्यंत बोलायचा नाय हा," तो म्हणाला.