सासूबाईंचं तोंड

सासूबाईंचा अंधुक फोटो स्मारकाच्या दगडावर कोरायचा होता. डिझायनरताईनं तो कॉम्प्युटरवर ट्रेस करून व्हेक्टर केला, म्हणजे बिंदू जोडणाऱ्या रेषांत उतरवला. आता कितीही मोठा केला तरी धूसर होऊन फाटणार नव्हता.

फक्त, फोटोतलं मिटलेलं तोंड रेषांमध्ये उघडं आलं.

शेजारी बसलेली सून खिदळली. "जिवंतपणी यांची टकळी थांबली नाही, आता तरी बंद करा हो ताई!"

ताईनं बिंदू ओढून ओठ जुळवले. फाइल सेव्ह केली, की ओठ पुन्हा विलग. पुन्हा जुळवले, पुन्हा तेच.

ताईचं डोकं सटकलं. तिनं तोंडाच्या रेषाच उडवल्या. "घ्या, कटकटच मिटली!"

तिनं वळून पाहिलं. सून दोन्ही हातांनी नाकाखालची सपाट कातडी चाचपत होती.

ताईनं घाबरून अनडू दाबलं. तोंड परत आलं, पण फक्त चित्रातल्या सासूचं. आणि ते हसत होतं.