छतावरचं कासव

दवाखान्याच्या फाटकाशी स्कूटर थांबली, तरी मुलगी उतरेना.

बाबांनी इंजिन बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. याआधी दोनदा ते दोघं इथवर येऊन परत गेले होते. एकदा तिला फाटकापाशीच एकदम बरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या असतील, असं तिने भर सकाळी ठरवून टाकलं होतं.

"फिरवू का मागे?" बाबांनी हँडलला विचारलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. दुरुस्त केलेल्या लिफ्टमधून स्वतः वर-खाली करून आल्याशिवाय ते कोणाला आत पाऊल ठेवू देत नसत. अडकलेल्या माणसांना बाहेरून तासभर धीर देत. पण पोरीशी पाळीबद्दल बोलायची वेळ आली की त्यांचीच गाडी दोन मजल्यांच्या मध्ये अडके. ते नुसतं 'तुझं ते' म्हणत आणि पाणी प्यायला उठत.

मुलीचं दुखणं मात्र 'ते' म्हणण्याइतकं लहान नव्हतं. मागच्या परीक्षेत अशी कळ आली की ती बाकावर दुमडली आणि कोरा पेपर देऊन घरी आली. तोच पेपर पुढच्या महिन्यात पुन्हा होता, तोही नेमका त्याच दिवसांत. आता गेला की वर्ष गेलं. शेजारणी म्हणत, बायकांचं असंच असतं, लग्न झालं की थांबतं. हे सांगणाऱ्या सगळ्यांची लग्नं कधीच झाली होती आणि त्या कमरेला गरम पाण्याची पिशवी लावूनच सल्ला देत.

आई ती लहान असतानाच गेली. उरली दूरच्या गावची मावशी. तिने मात्र हे प्रकरण अंगावर घेतलं होतं. गेले काही दिवस रोज संध्याकाळी फोन करून ती दवाखाना असा समजावून सांगे, जणू तिचं माहेरच ते.

बाई आधी नुसत्या गप्पा मारतात, असं मावशीचं म्हणणं. पाळी कधी सुरू झाली, किती दिवस असते, किती दुखतं. लाजायचं नाही. त्या दिवसभर हेच ऐकतात, त्यांना तुझी तक्रार म्हणजे प्लंबरला गळका नळ. मग वजन, रक्तदाब. मग टेबलावर झोपायचं, अंगावर चादर असते. पोट वरूनच दाबून बघतात. सोनोग्राफीही वरूनच, म्हणून भरपूर पाणी पिऊन जा. ते जेल थंडगार असतं. आधी काटा येतो, मग गुदगुल्या होतात. आतून तपासायची वेळ पहिल्या खेपेला बहुधा येतच नाही, आणि आली तरी विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही. तू नको म्हणालीस की नको. टेबलाची पायरी डगमगते, जपून चढ. आणि भीती वाटली तर वर बघ. छतावर ओलीचा डाग आहे, हुबेहूब कासव.

एरवी मावशी घराची किल्ली घरात ठेवून कुलूप लावणारी. तिला हे सगळं पाठ कसं, याचं मुलीला नवल वाटलं. तू कधी गेली होतीस, असं तिने विचारलंही.

"गधडे, जाऊन आलेल्याचं ऐकावं," मावशी म्हणाली. "जास्त चौकशा करू नयेत."

मुलगी शेवटी उतरली. बाबा बरोबर येतील म्हणून ती थांबली, तर ते रस्ता ओलांडून समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातले नळ बघायला निघून गेले होते. माणसाने इतकं लाजावं, या रागातच ती आत शिरली.

डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं की इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. मग गप्पा. मग वजन. सगळं मावशीच्या क्रमाने होत गेलं. पायरी तेवढी डगमगली नाही. तिला नवे कोरे स्क्रू बसवलेले होते. मावशीचं काहीतरी चुकलं, याचं मुलीला बरंच वाटलं. मग ती आडवी झाली आणि वर कासव दिसलं. जेल लागल्यावर तिला खरंच हसू आलं.

सोनोग्राफीत काळजीचं काही नव्हतं. "पण दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या, "आणि ते सोसल्याचं कोणी बक्षीस देत नाही." कळ सुरू होताच, पोटात काहीतरी घालून गोळी घ्यायची. उतार पडला नाही तर दुसरे उपाय आहेत, पुन्हा यायचं.

पेपर लिहिता येईल ना, मुलीने विचारलं. लिहिता येईल, बाई म्हणाल्या, पास व्हायची गोळी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

मुलीने चपला घातल्या. एवढं सोपं असताना आपण दोनदा फाटकातून पळालो, हे तिने कबूल केलं. आजही पळालेच असते, पण मावशीने इथलं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. कोण मावशी, त्यांनी विचारलं. मुलीने वर्णन केलं, ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, एका दमात बोलणारी. बाईंनी मान हलवली. अशा कोणी इथे आल्याच नव्हत्या.

"तुझ्या घरून एकच माणूस येऊन गेलं," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात. बाहेर सगळ्या बायकांमध्ये हेल्मेट न काढता बसले होते. नंबर आल्यावर आत आले, हेल्मेट काढलं, या टेबलावर आडवे झाले आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, 'डॉक्टर, मी एकोणीस वर्षांची मुलगी आहे असं समजा आणि करा सुरू.'"